दुकानांपुढचे आणि आवारातले दिवे : निवड कशी करावी?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत सभासद व दुकानदारांसमोर दिलेल्या भाषणाचा संक्षिप्त मजकूर.)



रौप्यमहोत्सवात गाणी झाली, नाटुकली झाली, लहानग्यांची वेशभूषा झाली आणि माझ्या वाट्याला विषय आला बाहेरच्या दिव्यांचा! पण सचिवांनी तो उगाच दिलेला नाही. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत दिवे बदलण्याचा ठराव येणार आहे आणि त्यावर आत्तापासूनच तीन मतं आहेत. दुकानदार म्हणतात, पुढे झगमगाट नसेल तर गिऱ्हाईक शेजारच्या इमारतीत जातं. पहिल्या मजल्यावरचे म्हणतात, बोर्डाचा उजेड थेट पलंगावर येतो, रात्री झोप लागत नाही. आणि क्लासहून मागच्या फाटकाने येणाऱ्या मुली म्हणतात, तिथे पाऊल कुठे पडतंय तेच दिसत नाही. गंमत अशी, की तिघांचंही बरोबर आहे. म्हणजे पुढे उजेड नको इतका, मागे अंधार आणि बिल मात्र दर महिन्याला भरपूर. ही तक्रार मिटवायची वाट आणि वीज वाचवायची वाट एकच आहे, हे मला आज सांगायचं आहे.

आधी हिशेब करू. आपल्या आवारात बारा खांब आहेत, त्यांवर 150 वॅटचे पिवळे सोडियमचे दिवे. बल्ब 150 वॅटचा असला तरी त्याचा चोकही वीज खातो. मीटरवर साधारण 170 वॅट पडतात. रोज सरासरी बारा तास धरले तर वर्षाचे 4,380 तास. एका खांबाला वर्षाला सुमारे 745 युनिट लागतात. त्याजागी 60 वॅटचं एलईडी फिटिंग आलं तर 263 युनिट. एका खांबामागे 480 युनिटच्या वर वाचतात, बारा खांबांचे मिळून साधारण 5,780. दर तुमच्या बिलावर बघा. सोपं जावं म्हणून दहा रुपये धरला, तर वर्षाला 57 हजार रुपयांच्या पुढे बचत. फिटिंगच्या किमतीला एका खांबाच्या वर्षाच्या बचतीने भागा, पैसे किती वर्षांत वसूल होतात ते कळेल. हा हिशेब ठरावाबरोबर छापा, म्हणजे सभेत निम्मी चर्चा वाचेल.

आता कुणी विचारेल, 150 वॅटच्या जागी 60 वॅट, मग उजेड कमी नाही का पडणार? आपली पिढी वॅटवरून उजेड मोजायला शिकली. साठचा बल्ब, शंभरचा बल्ब. पण वॅट म्हणजे दिवा किती खातो. तो किती देतो ते लुमेनमध्ये मोजतात. चांगलं एलईडी फिटिंग एका वॅटला शंभराहून जास्त लुमेन देतं. सोडियमचा बल्बही या बाबतीत वाईट नव्हता, पण तो चहूबाजूंना उजेड फेकतो. त्यातला बराचसा फिटिंगच्या आत, झाडाच्या शेंड्यावर आणि आभाळात जातो. एलईडीचा उजेड मुळातच एका दिशेला पडतो, त्यामुळे तो जमिनीवर आणणं सोपं. निळ्या एलईडीच्या शोधाला 2014 साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, कारण त्या निळ्यावरूनच आजचा पांढरा एलईडी शक्य झाला. जानेवारी 2015 मध्ये केंद्र सरकारने रस्त्यांवरचे दिवे एलईडीचे करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. आज कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातही ही फिटिंग मिळतात.

पण फक्त दिवा बदलून भागत नाही. उजेड कुठे पडतोय ते बघा. दुकानांपुढे आडवे लावलेले फ्लडलाइट रस्त्यावरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर येतात. डोळ्यावर तिरीप आली की बाहुली आक्रसते आणि त्याच्या आजूबाजूचं सगळं काळं दिसतं. म्हणजे दुकानदाराने पैसे खर्चून स्वतःचा माल अंधारात ढकलला! गिऱ्हाइकाला दिसायला हवी पायरी, काउंटर आणि बोर्डावरची अक्षरं. त्यासाठी बोर्डाच्या वरून खाली तोंड केलेली लहान फिटिंग पुरतात. फिटिंगची काच जमिनीला समांतर ठेवली, वर कडेने झाकण राहिलं, तर पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत उजेड शिरत नाही. खांबाची उंचीही बघा. दिवा दुप्पट उंच नेला की खालचा उजेड जवळजवळ चौथ्या हिश्श्यावर येतो. म्हणून मागच्या बोळात एका उंच खांबावर मोठा दिवा लावण्यापेक्षा भिंतीवर कमी उंचीचे तीन-चार छोटे दिवे लावावेत. सावल्या कमी पडतात, रॅम्पची कड दिसते आणि समोरून येणाऱ्याचा चेहराही ओळखू येतो. मुलींना आणि ज्येष्ठांना नेमकं हेच हवंय.

रंगाचंही तसंच. खोक्यावर 6500 के, 4000 के, 3000 के असं लिहिलेलं असतं. आकडा मोठा तितका उजेड निळसर पांढरा. 2015 मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हवरचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले, तेव्हा लोकांनी केवढी ओरड केली ते तुम्हाला आठवत असेल. राणीचा हार फिका पडला म्हणाले, आणि पुढे तिथे पुन्हा पिवळसर उजेड आला. आपल्याकडे राणीचा हार नाही, पण झोप सगळ्यांनाच हवी. बागेत आणि खिडक्यांजवळ 3000, दुकानांपुढे आणि पार्किंगमध्ये 4000 पुरे. पिवळसर दिव्याला किडेही कमी येतात. पावसाळ्यात फरसाणवाल्यांना याची किंमत कळेल.

तिसरा प्रश्न, किती वेळ? आपल्याकडे हिवाळ्यात रात्र साधारण तेरा तासांची, उन्हाळ्यात अकराची. साधा टायमर एकदा लावला की वर्षभर तोच राहतो, मग कधी उन्हात दिवे चालू, कधी काळोख पडला तरी बंद. फोटोसेन्सर किंवा तारखेप्रमाणे सूर्यास्ताची वेळ धरणारा टायमर बसवा. शंभर किलोवॅट किंवा त्याहून जास्त जोडभार असलेल्या व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन इमारत संहिता आहे. तिच्यात बाहेरच्या दिव्यांना असं स्वयंचलित नियंत्रण सांगितलेलं आहे. आपली नऊ दुकानं काही मॉल नाहीत, पण चांगला नियम उचलायला काय हरकत? साडेअकरानंतर दिवे निम्म्यावर आणले तर 60 वॅटच्या दिव्याचे वर्षाचे 263 युनिट 186 वर येतात. मागच्या बोळात हालचालीवर उजळणारा सेन्सर लावा, पण दिवा पूर्ण विझू देऊ नका. मंद जळत राहावा आणि कुणी आलं की वाढावा.

दरपत्रकं मागवताना खालच्या रकमेवर जाऊ नका. लुमेन किती, हे लिहून मागा. बाहेरच्या फिटिंगला निदान आयपी 65 हवं. त्यातला सहा म्हणजे धूळ आत जात नाही, पाच म्हणजे पाण्याचा फवारा चालतो. एलईडी बंद पडतो तो बहुधा ड्रायव्हर गेल्यामुळे, तेव्हा हमी ड्रायव्हरचीही लेखी घ्या आणि सर्ज प्रोटेक्टर आहे का ते विचारा. आणि एक गोष्ट पैशांपलीकडची. पंचवीस वर्षांच्या केबल जमिनीत आहेत. पावसाळ्यात लोखंडी खांबात करंट उतरला तर खेळणाऱ्या पोराच्या जिवावर बेतेल. दिवे बदलताना प्रत्येक खांबाचं अर्थिंग तपासून घ्या आणि या लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. बचतीचे पहिले पैसे इथेच जाऊ देत.

दुकानदार मित्रांनो, रागावू नका, पण हेही बोलायला हवं. दुकानाचा बोर्ड दुकानाच्याच मीटरवर असावा. सोसायटीचं सामाईक मीटर घरगुती दराचं, तुमचं वाणिज्यिक दराचं. वीज ज्या कारणासाठी दिली त्याहून वेगळ्या कारणाला वापरली, तर विद्युत अधिनियम 2003 च्या कलम 126 खाली दुप्पट दराने आकारणी होऊ शकते, आणि ती भरावी लागेल सगळ्या सभासदांना. बोर्ड तुमच्या मीटरवर आला की कुठला दिवा कधी बंद करायचा ते तुम्हालाही आपोआप सुचेल!

शेवटी तीन सूचना करतो. सभेआधी एका रात्री समितीचे दोघं, दुकानदारांतले दोघं, पहिल्या मजल्यावरचं एखादं कुटुंब, क्लासला जाणाऱ्या मुली आणि आपले वॉचमन यांनी मिळून आवाराला फेरी मारावी. जिथे पाय अडखळतो आणि जिथे डोळे दिपतात, त्या जागा नकाशावर लिहून काढाव्यात. दुसरं, सगळे दिवे एकदम घेऊ नयेत. पुढे एक, मागे एक लावून महिनाभर बघावं. तिसरं, ठरावात वॅट आणि रकमेबरोबर दिव्याची जागा, दिशा आणि वेळही लिहावी. तेवढं झालं तर पुढच्या दिवाळीत आकाशकंदील आपल्या आवारात जरा जास्तच उठून दिसतील.