इंधनात तेल : हित किती, हानी किती?



खानदेश हा सरकी आणि भुईमुगाचा मुलूख. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकत्र येतात. तेव्हा तेल आणि वाहन या दोहोंशी आपला निकटचा परिचय आहे. 'टाकीत थोडे तेल घाला, इंजिन मऊ चालेल आणि ॲव्हरेजही वाढेल,' हा सल्ला म्हणूनच आपल्याला सहज पटतो. तो पारखून घेणे अगत्याचे आहे.

या समजुतीला इतिहासाचा थोडा आधार आहे. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात डिझेल जातीचे एक इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालविण्यात आले होते. परंतु खाद्यतेल डिझेलहून पुष्कळ दाट असते. आजच्या इंजिनातील सूक्ष्म छिद्रांतून त्याचा बारीक फवारा होत नाही. ते अर्धवट जळते आणि काजळी साचते. रासायनिक प्रक्रियेने त्याचे जैवडिझेल केल्यावरच ते वापरण्याजोगे होते.

दुसरा आधार जुन्या स्कूटरचा. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल व हवेचे मिश्रण क्रँककेसमधून जाते. तेथे तेलाचा साठा ठेवता येत नाही, म्हणून पेट्रोलबरोबरच तेल पुरवावे लागते. फोर-स्ट्रोक मोटारसायकलीत मात्र तेल खालच्या कोठीतून पंपाद्वारे सर्वत्र पोचते. तिच्या पेट्रोलमध्ये इंजिन ऑइल ओतल्यास प्लग काळा पडतो आणि सायलेन्सरकडे जाणाऱ्या मार्गातील धूर शुद्ध करणारे उपकरण निकामी होऊ लागते.

तिसरी शंका अधिक विचारार्ह आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज-६ इंधन लागू झाले. डिझेलमधील गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आली. गंधक काढताना डिझेलचा नैसर्गिक वंगणगुणही घटतो, आणि अनेक इंधनपंपांना वंगण डिझेलमधूनच मिळते. मात्र ही उणीव भरून काढणारे द्रव्य विक्रीपूर्वीच डिझेलमध्ये मिसळले जाते. ठरावीक चाचणीत धातूवरील झिजेचा व्रण ४६० मायक्रॉनहून मोठा असू नये, असा दंडक आहे. खरा धोका आहे तो रॉकेलच्या भेसळीचा. कारण रॉकेलमध्ये वंगणगुण कमी असतो.

आता खर्चाचे पाहू. ग्रामपंचायतीच्या टँकरमध्ये ४० लिटर डिझेल भरले आणि त्यात ४ लिटर डिझेलच्या किमतीची बाटली ओतली, तर नुसता खर्च भरून निघण्यासाठी ॲव्हरेज १० टक्के वाढले पाहिजे. ते वाढते काय, हे लॉगबुक सांगेल. त्याच मार्गावर, तेवढ्याच भाराने, तीन वेळा बाटलीविना आणि तीन वेळा बाटलीसह टाकी काठोकाठ भरून किलोमीटर नोंदवावेत. विक्रेत्याच्या शब्दापेक्षा ही नोंद अधिक विश्वासार्ह होय.

बचतीचे खात्रीचे मार्ग साधे आहेत. चाकांत योग्य हवा ठेवावी, एअर फिल्टर स्वच्छ असावा, इंजिन ऑइल वेळेवर बदलावे, वाहनाचा वेग मध्यम राखावा आणि थांब्यावर इंजिन बंद करावे. १९७८ साली स्थापन झालेली पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था हाच संदेश देत आली आहे.

सार्वजनिक वाहनात जळणारा प्रत्येक थेंब लोकांच्या करातून येतो. तो ऐकीव गोष्टींवर खर्ची पडू नये, एवढी दक्षता आपण सर्वांनी घ्यावी, ही विनंती.