गुरुजी, माझ्या पोराचं काय होणार?



समजा, दहिवलीतला पंधरा वर्षांचा एक मुलगा आहे. कुणाच्या तरी नादाने शेतावरचा पाण्याचा पंप उचलून नेताना तो सापडला. पोलीस आले. आई उंबऱ्यात बसून रडते आहे आणि बाप शाळेत येऊन विचारतो आहे, "गुरुजी, माझ्या पोराला आता तुरुंगात टाकणार का हो?"

गुरुजींना याचे उत्तर ठाऊक असले पाहिजे. उत्तर आहे, नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. 2015 च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात असे निदान एक मंडळ असावे लागते. ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. मुंबई इलाख्यात मुलांसाठी वेगळा कायदा 1924 सालीच झाला होता.

आता हे मंडळ म्हणजे कोण? आपण म्हणतो, पाचामुखी परमेश्वर. इथे तिघे असतात. एक प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी, आणि त्यांच्या जोडीला दोन समाजकार्यकर्ते. त्या दोघांत एक तरी स्त्री हवीच. मुलांच्या शिक्षणाचे, आरोग्याचे किंवा कल्याणाचे काम निदान सात वर्षे केलेली, किंवा मानसशास्त्र, समाजशास्त्र, कायदा अशा विषयांची पदवी घेऊन व्यवसाय करणारी ही माणसे असतात. चोरी झाली की नाही, एवढेच पाहून मंडळाचे काम संपत नाही. मूल त्या वाटेला का गेले, हेही पाहायचे असते. म्हणून ही तिघांची रचना. अंतिम निर्णयाला निदान दोघे हजर लागतात आणि त्यांत न्यायदंडाधिकारी असावेच लागतात. मतभेद झाला तर बहुमत चालते. बहुमत होत नसेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांचे मत.

बरे, या मंडळावर लक्ष कोणाचे? सलग तीन महिने विनाकारण गैरहजर राहणाऱ्या किंवा अधिकाराचा गैरवापर करणाऱ्या सदस्याला राज्य शासन चौकशी करून दूर करू शकते. तुंबलेल्या प्रकरणांचा आढावा मुख्य न्यायदंडाधिकारी दर तीन महिन्यांनी घेतात. चौकशी चार महिन्यांत संपावी, असा दंडक आहे.

बहुधा मूल जामिनावर घरी येते. पुढे समज देणे, समुपदेशन, समाजसेवा, देखरेखीखाली घरी ठेवणे असे आदेश होऊ शकतात. फार झाले तर विशेष गृहात, तेही तीन वर्षांपर्यंतच. सोळा वर्षांवरील मुलाने अतिगंभीर गुन्हा केल्याचा आरोप असेल, तर मात्र मंडळ प्राथमिक पडताळणी करून प्रकरण बाल न्यायालयाकडे पाठवू शकते.

आता शिक्षक मित्रांनो, खास तुमच्यासाठी. मुलाचे वय ठरवताना वादाला जागा असेल, तर पहिला पुरावा असतो शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा परीक्षा मंडळाचे प्रमाणपत्र. तो नसेल तर ग्रामपंचायतीचा वा नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तरच वैद्यकीय तपासणी. आणि आपल्या हजेरीपटावर 1 जूनला जन्मलेली मुले किती असतात, हे तुम्हाला मी काय सांगावे! वाडीवरचा बाप म्हणतो, "लिहा की अंदाजानं," आणि आपण लिहितो. त्या अंदाजात एक वर्ष जास्त पडले, तर सतरा वर्षांचे पोर कागदावर अठराचे होते, आणि मोठ्यांच्या तुरुंगाचे दार त्याच्यासाठी उघडते. तेव्हा नाव घालताना जन्मनोंद मागा, दवाखान्याचा कागद मागा. अर्धा तास जाईल, पण जाऊ द्या.

दुसरी गोष्ट. परिविक्षा अधिकारी मुलाची माहिती गोळा करून पंधरा दिवसांत मंडळाला अहवाल देतात. ते शाळेत आले तर खरे ते सांगा. मुलगा पंधरा दिवस शाळेला का आला नाही, घरी कोण आजारी होते, हे तुम्हालाच ठाऊक असते.

तिसरी गोष्ट सर्वांसाठी. अशा मुलाचे नाव किंवा फोटो छापणे, गावभर फिरवणे हा गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

मंडळ आपला निर्णय देईल. पण सोमवारी सकाळी तो मुलगा पुन्हा शाळेच्या दारात उभा राहील, तेव्हा त्याला "ये, बस" म्हणणारे कायद्याचे कलम नसते. ते गुरुजींनीच म्हणायचे असते.