मुंबई हायच्या खडकात उरलेले तेल

फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर ‘सागर सम्राट’ या खोदकाम नौकेने खोदलेल्या विहिरीत तेल लागले; हेच मुंबई हाय क्षेत्र. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. त्या यशानंतर, तेलाची चर्चा निघाली की दुसरे मुंबई हाय कधी सापडणार, असे आपण विचारत आलो. या प्रश्नाने आपले नुकसान केले आहे. भारतीय तेल उद्योगाचे नजीकचे भवितव्य जुन्या क्षेत्रांतले उरलेले तेल आपण किती निगुतीने काढतो, यावर ठरणार आहे. आकडे पाहा. २०११-१२ मध्ये देशात सुमारे ३८ दशलक्ष टन कच्चे तेल निघाले. २०२३-२४ मध्ये ते २९ दशलक्षांच्या आसपास आले. आयातीवरील अवलंबित्व २०२२ पर्यंत दहा टक्क्यांनी घटवायचे, असे २०१५ मध्ये ठरले होते. ते ७७ टक्क्यांच्या आसपास होते, ते ८७ टक्क्यांच्या पुढे गेले. जानेवारी २०२४ मध्ये कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या खोल समुद्रातून नवे तेल येऊ लागले, तरी पुढच्या वर्षीही उत्पादन घसरलेच. जगातले सर्वांत मोठे शुद्धीकरण संकुल जामनगरला उभारणारा हा देश स्वतःच्या विहिरींकडे मात्र पुरेसे लक्ष देऊ शकला नाही.

तेल खडकाच्या बारीक छिद्रांत मुरलेले असते. सुरुवातीला आतला दाबच ते वर ढकलतो. तो ओसरला की पाणी सोडावे लागते, आणि पाणी सोपी वाट धरून पुढे निघून जाते. बरेच तेल मागेच राहते. राजस्थानातल्या मंगला क्षेत्रात पाण्यात पॉलिमर मिसळून ते दाट केले जाते, म्हणजे ते तेलाला बगल न देता पुढे रेटते. मुंबई हायच्या चुनखडीत हे काम अधिक अवघड आहे. तिथले उत्पादन १९८० च्या दशकात शिखरावर होते. सरकारी तेल कंपनी ओएनजीसीने ब्रिटिश कंपनी बीपीला तिथल्या तांत्रिक सेवेसाठी नेमले ते जानेवारी २०२५ मध्ये. निर्णय योग्य, पण फार उशिराचा.

कोणी म्हणेल, रशियाचे तेल सवलतीत मिळत असताना हा खटाटोप कशाला? ती सवलत एका युद्धातून आली; ती टिकवणे आपल्या हाती नाही. पुरवठा तुटला तर आधार देणाऱ्या विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर येथील भूमिगत साठ्यांची एकत्रित क्षमता ५.३३ दशलक्ष टन, म्हणजे जेमतेम साडेनऊ दिवसांची गरज. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: विजेवरची वाहने आल्यावर तेल हवेच कशाला? पण आपल्याकडे सर्वाधिक खप डिझेलचा, आणि मालट्रक व ट्रॅक्टर इतक्या लवकर विजेवर जाणार नाहीत. शिवाय खोल समुद्रातले नवे क्षेत्र शोधून उत्पादनाला येईपर्यंत दहा-दहा वर्षे जातात. तोवर मागणी ओसरली तर त्यात गुंतवलेला पैसा बुडेल. जुन्या क्षेत्रांत फलाट आणि नळवाहिन्या आधीच उभ्या आहेत. म्हणून हा आक्षेप माझ्याच बाजूने साक्ष देतो. हे काम किती झाले ते कळावे म्हणून प्रत्येक क्षेत्रातल्या मूळ साठ्यापैकी किती टक्के तेल बाहेर आले, हा आकडा दरवर्षी संसदेपुढे ठेवावा, अशी मागणी आपण आपल्या खासदारांकडे करावी.