आधी गोळी, मग गोड बातमी

बचत गटाच्या बैठकीत आपण पैशांचा हिशेब चोख ठेवतो. आज दिवसांचा हिशेब करू.

गर्भ राहिल्यावर तिसऱ्या आठवड्यात बाळाच्या पाठीच्या बाजूला पेशींचा एक पट्टा दिसू लागतो. करंजीच्या कडा जुळवाव्यात तशा त्याच्या दोन्ही कडा जुळतात आणि नळी तयार होते. वरच्या टोकाचा पुढे मेंदू होतो, खालच्या भागाचा मज्जारज्जू. ही नळी २८ व्या दिवसाच्या सुमारास बंद होते. पाळी चुकते तेव्हा गर्भ दोन आठवड्यांचा झालेला असतो. म्हणजे उरले दोनच आठवडे! "या खेपेला उशीर झाला वाटतं," असं म्हणण्यातच ते निघून जातात.

नळी नीट मिटली नाही, तर बाळाचा कणा उघडा राहू शकतो, कधी मेंदूच घडत नाही. फोलिक ॲसिडने हा धोका बराच कमी होतो. म्हणून मूल हवं असेल तर किमान महिनाभर आधीपासून तिसरा महिना संपेपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी घ्यावी. आधीच्या बाळाला असा त्रास असेल किंवा आईला फिट्स, मधुमेह असेल, तर डोस डॉक्टरच ठरवतील. गोळी घेऊनही असं बाळ जन्मलं, तर आईला बोल लावू नका.

नळीच्या आतल्या बाजूच्या पेशी एकीच्या दोन होत जातात. त्यांतून चेतापेशी जन्मतात आणि सरकत आपापल्या जागी पोचतात. विचार करणाऱ्या मोठ्या मेंदूच्या बहुतेक चेतापेशी जन्माआधीच तयार होतात. या काळात आईला आयोडीनही लागतं, म्हणून स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठच वापरा.

मग आपल्यासारख्या मोठ्या बायकांचं काय? १९९८ मध्ये शास्त्रज्ञांना मोठ्या माणसांच्या मेंदूतही, आठवणी जपणाऱ्या भागात, नव्या चेतापेशी सापडल्या. माणसात त्या किती तयार होतात, यावर अजून वाद आहे. पण शिकताना पेशींमधले नवे जोड तयार होतात, यावर वाद नाही. तेव्हा "या वयात काय शिकणार?" हे वाक्य आपण सोडून देऊ.

मैत्रिणींनो, नवी सून "मला गोळी हवी" म्हणाली की घरात कुजबुज होते. लाजेपोटी ती गप्प बसते आणि मोलाचे दिवस हातचे जातात. ती एकटी बोलू शकत नसेल, तर गट बोलेल. पुढच्या बैठकीला आशाताईंना बोलावू. कोणती गोळी, कधी, किती, हे सगळ्यांसमोर विचारू. सासवांनाही शेजारी बसवू.