बुरशीचे जेवण

(चिकलठाणा येथे प्रौढ वर्गापुढे केलेले भाषण)



आज आम्ही तुम्हाला बुरशीची गोष्ट सांगणार आहोत. तुम्ही म्हणाल, बुरशीची कसली आली गोष्ट? भाकर बुरसली की आपण ती उकिरड्यावर टाकतो. लोणच्यावर पांढरा थर आला की घरची बाई कपाळाला हात लावते. खरे आहे. पण बुरशी नसती तर या चिकलठाण्याच्या शिवारात नांगर घालायला जागा उरली नसती. ते कसे, ते पुढे कळेल.

आधी बुरशी जेवते कशी ते पाहू.

आपण भाकर तोंडात घालतो, चावतो, गिळतो. पोटात पाचक रस असतो. त्या रसाने भाकर पचते आणि अंगी लागते. झाडाचे निराळे. झाडाची हिरवी पाने उन्हात आपले अन्न आपणच तयार करतात. बुरशीला तोंड नाही, दात नाहीत, पोट नाही, आणि हिरवे पानही नाही. तिला आहेत नुसते तंतू, केसाहूनही बारीक. मग ती काय करते? ती अन्नातच जाऊन राहते आणि पाचक रस अंगाबाहेर सोडते. अन्न बाहेरच पचते, पातळ होते, आणि मग तंतू ते शोषून घेतात. आपण आधी खातो, मग पचवतो. बुरशी आधी पचवते, मग खाते!

या रसात जे काम करणारे द्रव्य असते त्याला पुस्तकात विकर म्हणतात. कोणी एन्झाइमही म्हणतात. जसे कुलूप तशी किल्ली, तसे जसे अन्न तसे विकर. भाकरीचे पीठ फोडणारे विकर वेगळे, लाकूड फोडणारे वेगळे. आणि बुरशी उधळी नाही बरे का. समोर साखर असली तर पुष्कळशा बुरशी लाकूड फोडणारा रस काढतच नाहीत. सोपे संपले म्हणजे मग अवघडाला हात घालतात.

आता लाकूड अवघड का? तुराट्यांचा कूड तुम्ही पाहिला आहे. आत तुराट्या असतात, वरून माती-शेणाचा गिलावा असतो. लाकडाची घडण अशीच समजा. आत धागे, आणि धाग्यांना घट्ट धरून ठेवणारा गिलावा. हे धागे म्हणजे सेल्युलोज. कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोजच. गिलाव्याला लिग्निन म्हणतात. या गिलाव्याच्या जोरावर झाड उंच उभे राहते. गाय कडबा खाते, तिच्या पोटातले सूक्ष्म जीव त्यातले धागे पचवतात. पण गिलावा बहुतेक सगळा शेणातून बाहेर पडतो. इतका तो चिवट.

हा गिलावा पुरता फोडण्याची विद्या मुख्यतः बुरशीच्या एका कुळाकडे आहे. ही विद्या आली कधी? २०१२ साली निरनिराळ्या देशांच्या शास्त्रज्ञांनी ३१ बुरशींच्या वंशाची लिपी वाचून ताडून पाहिली. वंशाची लिपी म्हणजे बापाकडून लेकाकडे जाणारी, शरीरातच लिहिलेली माहिती. त्यावरून अंदाज निघाला की सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी ही विद्या साधली असावी. एका रात्रीत नाही. पिढ्यान्पिढ्या थोडा थोडा बदल होत गेला. ज्या बुरशीचा रस जास्त कामाचा, तिचा वंश वाढला.

गंमत पुढेच आहे. या कुळातल्या काही शाखा ही विद्या पुढे विसरल्या! गिलावा फोडायला खर्च फार. म्हणून त्यांनी गिलावा तसाच ठेवून आतले धागे काढून खाण्याची युक्ती धरली. जुन्या घराची तुळई कधी तपकिरी होते, तिला चौकोनी भेगा पडतात, आणि बोटाने दाबली तर भुगा होतो. ते काम या विसरलेल्यांचे. पडलेला ओंडका पांढुरका, धाग्याधाग्यांचा होतो, ते काम गिलावा फोडणाऱ्यांचे. आणखी काही शाखांनी जिवंत झाडांच्या मुळांशी भागीदारी केली. त्या झाडाला पाणी व क्षार पुरवतात, झाड त्यांना साखर देते. आयते मिळू लागल्यावर लाकूड फोडणारे पुष्कळसे रस त्यांनीही सोडून दिले. माणसाचेही असेच होते, पण तो विषय निराळा.

आता बांधावरच्या वारुळाकडे चला. वाळवी लाकूड खाते असे आपण म्हणतो. पण वारूळ बांधणाऱ्या वाळवीला लाकूड एकटीने नीट पचत नाही. ती आत चक्क बुरशीची शेती करते. लाकूड, पाचोळा खाऊन ती वारुळात त्याचे स्पंजासारखे वाफे रचते. त्यावर बुरशी वाढते, गिलावा फोडते, आणि तयार झालेले वाळवी खाते. सुमारे तीन कोटी वर्षे ही शेती चालू आहे. माणसाची शेती दहा-बारा हजार वर्षांची! पावसाळ्यात वारुळावर पांढऱ्या छत्र्या उगवतात, ते याच बुरशीचे फळ. मात्र दिसली छत्री की घातली कालवणात, असे करू नका. विषारी छत्र्याही असतात, आणि त्या रंगावरून ओळखू येत नाहीत.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची फौज सॉलोमन बेटांवर होती. तिथल्या दमट हवेत फौजेचे सुती तंबू कुजून चालले. शास्त्रज्ञांनी शोध केला, तर तंबूवर एक बुरशी सापडली. ती कापसाचा धागा विरघळवीत होती. ट्रायकोडर्मा तिचे कूळ. आज तिचाच रस कारखान्यांत काढतात आणि जीनचे कापड मऊ करायला वापरतात. शत्रू म्हणून पकडली आणि कामाला लावली.

आता आपल्या रानाचे बोलू. कापूस वेचून झाला की पऱ्हाटी उरते. पुष्कळ जण ती बांधावर रचतात किंवा पेटवून देतात. पेटवली की धूर होतो, जमिनीचा वरचा थर भाजतो, त्यातले जीव मरतात. रचून ठेवली तर बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या पिकावर येते. आमचे म्हणणे असे, की पऱ्हाटी बुरशीला खाऊ घाला. यंत्राने तिचा बारीक भुसा करा. त्यावर शेणकाला शिंपडा. ढीग ओला ठेवा, पण चिखल करू नका. बुरशीलाही श्वास लागतो, म्हणून मधून मधून ढीग वरखाली करा. काही महिन्यांत काळे खत होईल. ३० कोटी वर्षांची विद्या फुकट मिळते, ती जाळायची कशाला?

एक शंका तुम्ही विचाराल. तुरीला आणि हरभऱ्याला मर लागते, तीही बुरशीच ना? व्हय, बुरशीच. ती मुळाची भिंत विकराने फोडून आत शिरते. तिच्यावर उपाय पुन्हा ट्रायकोडर्माचाच. बुरशीच्या तंतूची भिंत कायटिनची असते. खेकड्याचे कवच कायटिनचे, तसेच. ट्रायकोडर्मा मर रोगाच्या तंतूला विळखा घालतो, त्याची भिंत फोडणारे विकर सोडतो आणि त्याला खाऊन टाकतो. म्हणून पेरणीआधी बियाण्याला ट्रायकोडर्माची भुकटी चोळतात. ती शेणखतात मिसळून रानातही टाकतात.

ही भुकटी जिवंत असते. तिच्यात रासायनिक बुरशीनाशक कालवू नका, नाहीतर ती मरेल. पाकीट उन्हात ठेवू नका. किलोला किती चोळायची ते पाकिटावर लिहिलेले असते, ते स्वतः वाचा. आणि खाली बारीक अक्षरांत मुदतीची तारीख असते. ती उलटून गेली असेल तर दुकानदाराला पाकीट परत द्या.