लेकीची नोकरी आणि आपला हात



मी सातवी शिकलेली गृहिणी. बोलण्यात चुकले तर सांभाळून घ्या.

माझी लेक पुण्याला घरांचे नकाशे करणाऱ्या कचेरीत आहे. बाळंतपणाला ती इथे चिखलदऱ्याला आली होती. एका धुक्याच्या सकाळी बाळाला मांडीवर घेऊन म्हणाली, "आई, नोकरी सोडू का गं?" माझ्या तोंडून पटकन गेले, "सोड बाई." तिने मान खाली घातली. आठ दिवस ती हसली नाही.

मग तिनेच सांगितले, मुंबईच्या ब्रिंदा सोमाया यांनी १९७८ साली स्वतःची वास्तुरचनेची कचेरी काढली; पुढे त्यांची लेक नंदिनीही त्याच कामात आली. २०१७ साली कायदा सुधारून पहिल्या दोन बाळंतपणांची पगारी रजा १२ आठवड्यांची २६ आठवडे झाली. ५० माणसांच्या कचेरीला पाळणाघरही सक्तीचे झाले. लेकीच्या कचेरीत माणसे १२. तिथे पाळणाघर कुठले? शिवाय रजा संपते, मूल लहानच असते.

म्हणून आता मी आणि हे आळीपाळीने पुण्याला राहतो. सकाळचा स्वयंपाक जावईबापू करतात. ज्यांनी कधी कप विसळला नाही, ते आमचे हे नातवाला न्हाऊ घालतात!

भगिनींनो, लेकीसुनेला "सोड" म्हणण्याआधी घरातल्या प्रत्येकाने विचारावे, यातले मी काय उचलू? मी ते उशिरा विचारले. तुम्ही वेळेवर विचारा.