पाहुण्याची भाषा, घरची भाषा



मी हिंजवडीत सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. हिंजवडी म्हटलं की आयटी पार्क आठवतो, पण गाव मुळशी तालुक्यातलं. याच तालुक्यातल्या एका निवासी शाळेत माझी भाची सातवीत आहे. सहावीत तिनं जपानी घेतली, यंदा फ्रेंचही. परवा फोनवर म्हणाली, "मामू, जपानी सोपी आहे. मराठीसारखीच!"

हे मला कळायला सत्ताविसावं वर्ष लागलं. जपानी ग्राहकाचं काम आलं म्हणून मी संध्याकाळच्या क्लासला बसलो. प्रत्येक वाक्य आधी इंग्रजीत करायचो आणि अडकायचो. एकदा वैतागून मराठी शेजारी लिहिली. 'वाताशि वा गाक्को नि इकिमासु' म्हणजे 'मी शाळेला जातो'. 'गाक्को' म्हणजे शाळा, 'नि' म्हणजे आपला 'ला', आणि क्रियापद शेवटी. शब्दाला शब्द बसला. त्यांची अक्षरं आ-इ-उ-ए-ओ, का-सा-ता-ना अशी लागतात. या क्रमावर बौद्ध भिक्षूंबरोबर तिकडे गेलेल्या संस्कृत वर्णमालेचा प्रभाव आहे.

फ्रेंचचंही तसंच. इंग्रजीतून येणाऱ्याला टेबल स्त्रीलिंगी का, हे कोडं पडतं. आपल्याला तो-ती-ते लहानपणापासून येतं. तू आणि तुम्ही यांतला फरक फ्रेंचमध्येही आहे. साखरेला ते 'सुक्र' म्हणतात. आपल्याकडच्या 'शर्करा'चं अरबीत 'सुक्कर' झालं आणि तिथून तो शब्द युरोपात गेला.

म्हणून पालकांना सांगा, परकी भाषा जरूर घ्या, पण तिच्यासाठी मराठी सोडू नका. ती शिडीची खालची पायरी आहे.

आता जरा मनातलं बोलतो. "तुमचं मराठी किती छान आहे!" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. नाव कळल्यावर समोरचा कौतुकानं म्हणतो आणि आपल्याला टोचतं. माझ्या आजीच्या ओव्या मराठीत होत्या. मग कौतुक कसलं?

जपानी ग्राहकही मला म्हणाले, "निहोंगो जोझु देसु ने", म्हणजे तुमची जपानी छान आहे. तेव्हा मी खूश झालो. शब्द तेच, मग एकदा आनंद आणि एकदा टोचणी का? जपानीत मी पाहुणा आहे, पाहुण्याचं कौतुक होणारच. मराठीत मी घरचा आहे, आणि घरच्याला कोणी पाहुणा म्हटलं तर लागतं. दुसऱ्याच्या भाषेत पाहुणा होऊन आल्यावर मला माझं घर नीट दिसलं. आता ते वाक्य ऐकलं की मी हसून सांगतो, "असणारच, माझीच भाषा आहे."

पण मुळशीतल्या निवासी शाळेची फी किती घरांना परवडते? त्याच तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलीचं काय?

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या गाडीवाट गावाकडे बघा. तिथल्या जिल्हा परिषद शाळेनं २०१९ मध्ये मुलांनाच विचारलं, कोणती भाषा शिकायची? मुलांना रोबो आणि तंत्रज्ञानाची ओढ होती, त्यांनी जपानी सांगितली. टाळेबंदीत एका जाणकारानं ऑनलाइन वर्ग घेतले. ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांना शिकलेली मुलं 'विषयमित्र' होऊन शिकवत.

आपल्यालाही एवढं जमेल. हिरागाना लिपीत ४६ मूळ अक्षरं आहेत. दर रविवारी पाच शिकवली तरी दहा रविवारांत संपतात. जपानीची 'जेएलपीटी' परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये होते, तिला वयाची अट नाही. पहिली पायरी एन-५, आणि पुण्यात केंद्र आहे. फ्रेंचची 'डेल्फ ज्युनियर' बारा ते सतरा वर्षांच्या मुलांसाठीच आहे. मोठ्यांना पुढचं शिकायला रानडे इन्स्टिट्यूटमधला विद्यापीठाचा विभाग आहे.

तुमच्यापैकी ज्यांना थोडीफार जपानी किंवा फ्रेंच येते, त्यांनी हात वर करा. चला, सहा जण आहेत. जाण्याआधी माझ्याकडे नाव आणि मोहल्ला लिहून द्या. मुलं कोणत्याही घरची असोत, वर्ग सगळ्यांसाठी. पहिला रविवार माझा.